जूनपर्यंत थांबायचं ठरवलंय (मे २०२२ मध्ये लिहिलेलं)

शोरूममधला मुलगा चांगला होता. तेवीस-चोवीसचा असेल, बाह्या दुमडलेल्या, गळ्यात ओळखपत्र, बोलणं आर्जवी. बाबा स्कोडाच्या स्लाव्हियाच्या मागच्या सीटवर बसून बघत होते आणि आता बाहेर येत होते. आधी डावा पाय जमिनीला टेकवला, मग दाराच्या वरच्या चौकटीला हात घातला, क्षणभर तसेच थांबले आणि एका दमात उठले. तो मुलगा चटकन पुढं झाला आणि म्हणाला, "काका, तुम्ही एसयूव्ही बघा ना. बसायला उंच असते, गुडघ्यांना त्रास नाही होणार." मनापासून सांगितलं त्यानं. बाबा नुसतं "बरं" म्हणाले, चष्मा पुसून परत डोळ्याला लावला आणि दाराच्या फटीवरून नख फिरवायला लागले. परत येताना एरवी गाड्यांवर अखंड बोलणारा हा माणूस देहूरोड ओलांडून सोमाटणे येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसला होता.

मला ते वाक्य सलत राहिलं. त्या मुलाचं काही चुकलं नव्हतं. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, डाव्याचंही आज ना उद्या करावं लागणार. आमच्या सोसायटीत अलीकडे ज्यांनी ज्यांनी गाडी घेतली त्यांनी उंचच घेतली. पार्किंगमध्ये उभं राहिलं की सगळीकडे छातीएवढी बॉनेटं. मी गाडी बघतेय म्हटल्यावर शेजारच्या वहिनींपासून ऑफिसातल्या साहेबांपर्यंत प्रत्येकानं विचारलं, "आता सेडान कोण घेतं?" आणि मी वाट बघतेय एका सेडानची, म्हणजे मागं वेगळी डिकी असलेल्या बुटक्या गाडीची, जी अजून शोरूममध्ये आलेली नाही, जिची किंमतसुद्धा कुणाला माहीत नाही. फोक्सवॅगन व्हर्टस. ८ मार्च २०२२ ला कंपनीनं ती दाखवली, बुकिंग घ्यायला सुरुवात केली आणि किंमत ९ जूनला सांगणार म्हणून जाहीर केलं. मधला हा मे महिना माझ्या डोक्यात नुसती तागडी वरखाली होतेय.

बाबांची सगळी नोकरी पिंपरीच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबून गाडीचे भाग काढतात तिथं, गेली. त्यामुळे गाडीकडे ते चारचौघांसारखं समोरून बघतच नाहीत. बाजूला जाऊन, वाकून, गाल जवळजवळ पत्र्याला लावून बघतात. दार आणि मागचं मडगार्ड यांच्यातली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का, ते अंगठ्याच्या नखानं तपासतात. नख फटीत धरायचं आणि सावकाश खाली आणायचं. मध्येच अडलं किंवा सैल पडलं तर दार नीट बसलेलं नाही. मग दार लावून आवाज ऐकायचा, तोही आपटून नाही, दोन बोटांनी ढकलून. स्लाव्हियाच्या कुशीवरून हेडलाइटच्या मागून थेट टेललाइटपर्यंत एक धारदार रेघ गेलीय. तिच्यावरून त्यांनी तळवा फिरवला, परत फिरवला. पत्रा नुसता ओढणं सोपं, त्याला कडक घडी पाडणं अवघड, हे मी त्यांच्या तोंडून लहानपणापासून ऐकत आलेय. डाय, म्हणजे साचा, झिजली की घडी बोथट येते. पत्रा घट्ट धरला गेला तर घडीच्या जागी पातळ होऊन फाटतो, सैल धरला गेला तर कडेला सुरकुत्या येतात. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना ते एकदम म्हणाले, "ती रेघ ज्यांनी काढली त्यांना काम येतं." आणि पेपर उघडला. गुडघ्याचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

आमची पहिली गाडी प्रीमियर पद्मिनी, तीसुद्धा कुणीतरी वापरून सोडलेली. स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर, पुढं सलग सीट, उन्हात तापलेल्या रेक्झिनचा आणि पेट्रोलचा मिळून एक वास. सुट्टी लागली की आईच्या माहेरी चिपळूणला जायचो. उंब्रजला वळायचं, पाटण, कोयनानगर, हेळवाक, मग कुंभार्ली घाट. मागं आजी, आई, मी आणि धाकटा भाऊ. पुढं बाबांच्या शेजारी काका, आणि कुणी जास्तीचं आलंच तर त्या दोघांच्या मध्ये. बसण्याचा क्रम ठरलेला असायचा आणि तो कुणी मोडायचा नाही. आजीला डावी खिडकी, कारण पान थुंकायचं. आईला उजवी, कारण तिला गाडी लागायची. घाट चढून परत येताना डिकीत पेट्या असायच्या, हापूसच्या दोन आणि फणस असला तर तो वेगळा पोत्यात, आणि गाडी उभी केली की बाबा आधी बॉनेट उघडायचे आणि मग डिकी, आंबे दबले नाहीत ना ते बघायला. तेव्हा सेडान हा शब्दही आमच्या घरात कुणी वापरत नव्हतं. गाडी म्हणजे पुढं इंजिन, मध्ये माणसं, मागं सामान, प्रत्येकाला आपली जागा. अजूनही कुणी 'गाडी' म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर तोच आकार येतो.

पण खरं वेड लावलं ते कऱ्हाडच्या मामाच्या होंडा सिटीनं. सिटी आपल्याकडे १९९८ साली आली; मामानं नंतरची, व्हीटेक इंजिनाची घेतली होती, गडद हिरवी. पहिल्यांदा बसले तेव्हा मी कॉलेजात होते. किल्ली फिरवली आणि मला वाटलं चालूच झाली नाही, एवढी शांत. बसायला इतकी खाली की रस्ता मांडीशी आल्यासारखा. पद्मिनीत घाटाच्या वळणावर आम्ही सगळे एका अंगाला कलंडायचो आणि हसायचो. सिटीत मामानं त्याच वळणावर वेग फारसा कमी केलाच नाही, गाडी जमिनीला धरून वळली आणि सरळ झाली. आईनं तेव्हा पदर तोंडाला लावून ठेवला होता, तो पोफळीला उतरल्यावर काढला आणि म्हणाली, "आज मळमळलं नाही." हे वाक्य मी विसरलेले नाही. पुढं कळलं की यात जादू कसली नाही. वजन जितकं जमिनीजवळ, तितकी वळणावर गाडी कमी कलते, आणि गाडी कमी कलली की आतल्या माणसाच्या कानातला तोलही कमी बिघडतो. उंच गाडीत हाच कल सांभाळायला स्प्रिंग कडक करावे लागतात, मग खड्डा मणक्यात जाणवतो. इंजिनिअर लोकांनी त्यातून पुष्कळ मार्ग काढलेत, चांगल्या उंच गाड्याही आता छान वळतात. तरी आईला अजून गाडी लागते, आणि भावाच्या उंच गाडीतून ताम्हिणी घाट उतरताना दर वेळी दोनदा तरी थांबावं लागतं.

बाबांचे गुडघे उंच गाडी मागतात, आईचं पोट बुटकी.

शोरूममधल्या त्या मुलाला हे सांगायला हवं होतं, पण तो काही त्याचा प्रश्न नव्हता.

आपल्याकडे सेडानचं जे झालं त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. २००६ च्या बजेटात चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना करात सवलत मिळाली आणि गाड्यांच्या शेपट्या कापल्या जायला लागल्या. २००८ ला टाटांनी इंडिगो आखूड करून आणली. २०१२ ची मारुतीची डिझायर तर चार मीटरला पाच मिलिमीटर कमी बसवली, ३९९५. उपयोगाच्या गाड्या आहेत, लाखो घरांचं त्यांनी भलं केलंय, माझ्या भावाचा संसारही आधी डिझायरमध्येच झाला. पण बाजूनं बघितलं की मागं काचेचा उतार जिथं निवांत संपायला हवा तिथं एकदम भिंत येते. गाडीच्या पाठीला लांबी लागते. छपराची रेघ मागच्या माणसाच्या डोक्यावरून सावकाश उतरत डिकीच्या टोकाला पोचायला हवी, त्यासाठी साडेचार मीटरच्या आसपास जागा हवी. त्या अर्ध्या मीटरचे पैसे सरकार वेगळे घेतं: २०२२ च्या दरानं छोट्या पेट्रोल गाडीला जीएसटी आणि त्यावरचा सेस मिळून २९ टक्के, अशा लांब गाडीला ४५. वर आपल्या राज्यात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के रस्ता कर. तेवढ्याच पैशात उंच, दणकट दिसणारी गाडी मिळते, तर माणसं तिकडं वळणारच. २०२० मध्ये होंडाची सिव्हिक गेली, टोयोटाची कोरोला गेली, गेल्या वर्षी, २०२१ ला, टोयोटानं यारिस बंद केली. ज्या वर्गाची एकेक नावं गळतायत, त्यात याच वर्षी व्हर्टस आणि स्लाव्हिया या दोन नव्या गाड्या उतरतायत आणि दोन्ही आमच्या शेजारी, चाकणला तयार होतात.

तळेगावात राहणाऱ्याला या गोष्टीचं जरा जास्त अप्रूप असणार. तळेगाव-चाकण रस्त्यावर काळ्या-पांढऱ्या नक्षीनं झाकलेल्या चाचणीच्या गाड्या आम्हाला नव्या नाहीत. दोन कंटेनरच्या मध्ये, धुळीत, अंगभर वेडंवाकडं स्टिकर लावलेली एखादी गाडी दिसते आणि मागच्या डिकीचा उंचवटा त्या नक्षीखालूनही लपत नाही. अशी एक गाडी इंदुरीच्या अलीकडं ट्रॅफिकमध्ये माझ्या पुढं अडकली होती. मला नुसत्या टेललाइटच्या आडव्या आकारावरून आणि लांब पाठीवरून वाटलं, हीच ती. चालवणारा पोरगा खिडकी खाली करून उसाचा रस पीत होता. त्याच्या हातात जी गाडी होती ती वर्षभरानं कुणाच्या तरी दारात पेढे देऊन उभी राहणार, हे मनात आलं आणि फार बरं वाटलं.

याच रस्त्याच्या परिसरातला मोटारींचा एक मोठा कारखाना २०२० च्या डिसेंबरात बंद झाला. आमच्या खालच्या मजल्यावरचे दादा तिथं वेल्डिंगच्या लाइनवर होते. सकाळी सहाला खाली कंपनीची बस थांबायची, तिचा हॉर्न ऐकून आमच्या घरी दूध तापायला ठेवायचं. तो हॉर्न बंद झाल्यावर काही दिवस दादा त्याच वेळेला गॅलरीत येऊन उभे राहायचे. नवी गाडी चाकणहून येतेय म्हटल्यावर मला त्यातलं इंजिन दिसायच्या आधी पाळ्या दिसतात, डबे दिसतात, रात्रपाळीहून येणारी पोरं दिसतात. कुणी म्हणेल गाडी घेताना याचा काय संबंध. पन्नास किलोमीटरच्या आत घडलेली वस्तू आणि दुरून आलेली वस्तू यांच्यात माझ्या मनाचा कौल कुठं जातो, हे मी लपवणार नाही.

व्हर्टस आणि स्लाव्हिया या सख्ख्या बहिणी. खालचा सांगाडा एक, चाकांमधलं अंतर एक, २६५१ मिलिमीटर, डिकी ५२१ लिटरची, इंजिनं तीच दोन. व्हर्टस दोन सेंटिमीटरनं लांब, ४५६१. एकेकाळी याच कारखान्यातून फोक्सवॅगनची आधीची सेडान व्हेंटो निघायची, पार मेक्सिकोपर्यंत जायची. तिच्यापेक्षा चाकांमधलं अंतर जवळजवळ दहा सेंटिमीटरनं वाढलंय आणि ते सगळं मागच्या माणसाच्या गुडघ्यांना मिळालंय. व्हेंटोचं नावच काय, त्यांची छोटी पोलोसुद्धा याच वर्षी थांबली, बारा वर्षांनी. मग बहीण समोर उभी असताना दुसरीची वाट कशाला? दिसण्यासाठी, हे पहिलं उत्तर आणि त्याची मला लाज नाही. स्लाव्हियाचं तोंड रेखीव आहे, उभ्या पट्ट्यांची जाळी, टोकदार दिवे. व्हर्टस पुढून साधी, रुंद, दिव्यापासून दिव्यापर्यंत आडवी रेघ. अशी साधी गाडी दहा वर्षांनीसुद्धा डोळ्याला जुनी वाटत नाही, असं माझं मत. दुसरं कारण हिशेबाचं. स्लाव्हिया १०.६९ लाखांपासून सुरू झाली, दीड लिटरची १६.१९ पासून. धाकटीनं यायच्या आधी थोरलीला पैसे दिले आणि जूनमध्ये कळलं की मधल्या मॉडेलमध्ये तेवढ्याच पैशात जास्त मिळतंय, तर हळहळ नको.

आणि सिटी? तिच्याशी तुलना करताना माझा हात जड होतो. बावीस-चोवीस वर्षं या वर्गात लोकांनी जिच्याकडे बघून बाकीच्यांना मापलं, ती ही. आताची, २०२० साली आलेली पाचवी पिढी मी मुद्दाम बाबांना घेऊन बघितली. मागची सीट अजूनही हिचीच सगळ्यात आरामाची. पाठीचा उतार, मांडीखालचा आधार, पाय पसरायला जागा. इंजिन दीड लिटरचं, ताकद १२१ पीएस, टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, नाही. पाय दाबाल तसं वर वर चढत जातं आणि मिनिटाला साडेसहा हजार फेऱ्यांच्या पुढं जो सूर लागतो तो ऐकताना मामाची हिरवी गाडी आठवते. पण जोर वरच्या फेऱ्यांत आहे. १४५ न्यूटन मीटर जोर, तोही ४३०० फेऱ्यांना. कुंभार्लीत पाच माणसं, एसी चालू, डिकी भरलेली, समोर उसाचा ट्रॅक्टर आणि दुसऱ्या गिअरवर वळण निघालं की हिला पळवावं लागतं, गिअर खाली घ्यावा लागतो. उलट चाकणवाल्यांचं, म्हणजे व्हर्टस-स्लाव्हियाचं, एक लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन टर्बोमुळं १७५० फेऱ्यांनाच १७८ न्यूटन मीटर देतं. त्याच्याही खाली उतरलात तर मात्र क्षणभर काहीच होत नाही, टर्बोला दम भरायला वेळ लागतो, आणि तीन सिलिंडरची बारीक थरथर जागेवर उभ्या गाडीत तळपायाला कळते. त्यांच्याच दीड लिटरच्या टर्बो इंजिनाला यातलं काही नाही. १५० पीएस, १६०० फेऱ्यांपासून २५० न्यूटन मीटर, सपाट रस्त्यावर सावकाश जाताना चारपैकी दोन सिलिंडर आपोआप झोपतात आणि पेट्रोल वाचतं. या मे २०२२ मध्ये पेट्रोल एकशेवीसला टेकलेलं असताना ही गोष्ट छोटी नाही.

याच महिन्यात होंडानं सिटीची हायब्रिडही आणली, साडेएकोणीस लाखांना. चाचणीतलं अॅव्हरेज लिटरला २६.५ किलोमीटर. इंजिन बराच वेळ नुसती वीज तयार करतं आणि चाकं मोटर फिरवते. तंत्र म्हणून मला ते फार आवडलं, बाबा तर अर्धा तास त्याच्याबद्दल विचारत होते. पण बॅटरी मागं बसवल्यानं डिकी ३०६ लिटरवर आली. ज्या घरात मे महिन्यात कोकणातून पेट्या येतात तिथं ही अडचण खरीच आहे.

मारुतीच्या सियाझबद्दल दोनच वाक्यं: जागा भरपूर, अॅव्हरेज उत्तम, कुठल्याही तालुक्याला दुरुस्त होईल. २०१४ ची गाडी आहे आणि आत बसल्यावर ते साल कळतं. ह्युंदाईची व्हर्ना भावाला हवी होती, डिझेल ऑटोमॅटिकसाठी. फोक्सवॅगन-स्कोडानं तर २०२० ला बीएस-६ हे प्रदूषणाचे नवे नियम आल्यावर आपल्याकडचं डिझेल बंदच केलं. रोज पुणे-नाशिक करणाऱ्यानं व्हर्नाचं डिझेल घ्यावं, मी कुणालाही सांगेन. पण मागं बसल्यावर छप्पर डोक्याला लागायला येतं आणि आमच्या घरात गाडी मागच्या सीटवरून ठरणार.

दीड लिटरची व्हर्टस ड्युअल क्लच पेटीतच, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्येच, येणार असं दिसतंय. सात गिअर, बदलताना कळतसुद्धा नाहीत. चिंचवड ते तळेगाव रोज संध्याकाळी फूट-फूट पुढं सरकणाऱ्या माणसाला डाव्या पायाची सुटका म्हणजे काय ते सांगायला नको. पण त्याच रांगेत कोरड्या क्लचची पेटी तापते आणि वॉरंटी संपल्यावर काही निघालं तर खर्च मोठा, हेही माझ्या ओळखीचे मेकॅनिक बजावून सांगतात. एक लिटरला तेलातून जोर पोचवणारी, साधी टॉर्क कन्व्हर्टरची ऑटोमॅटिक पेटी आहे, जरा आळशी, पण सोशिक. माझा कल रोज इकडून तिकडं होतो. घाट वर्षातून काही वेळा, देहूरोडची रांग रोजची. डोकं एक लिटर म्हणतं.

मन काय म्हणतं ते मला माहीत आहे.

मधल्या एका रात्री मी टेप घेऊन बसले. बाबांची खुर्ची जमिनीपासून किती, पलंग किती, सोफा किती. ज्यावरून ते हात न टेकता उठतात ती उंची आणि ज्यावरून त्यांना हात टेकावा लागतो ती उंची. मग सोसायटीतल्या एका उंच गाडीचं मागचं दार उघडून तिची सीट मोजली आणि तेव्हा लक्षात आलं की तिथं अडचण उलटी आहे: सीट उंच, पण दाराचा उंबराही उंच. चढताना पाय इतका वर उचलावा लागतो की ऑपरेशन झालेला गुडघा तिथंच कुरकुर करेल. आमच्या फिजिओथेरपिस्ट ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, गाडी कुठलीही असो, काकांनी आधी पाठ आत करून सीटवर टेकायचं, मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. उतरताना आधी दोन्ही पाय बाहेर, मग उठायचं, आणि हात दाराला नाही, सीटच्या कडेला. दार रुंद उघडणारं हवं, एवढंच बघा. व्हर्टस आणि स्लाव्हिया रिकाम्या असताना जमिनीपासून १७९ मिलिमीटर उंच आहेत, सिटी १६५. दीड सेंटिमीटर म्हणजे किती, एका बोटाची जाडी. स्पीडब्रेकरवर त्याचा उपयोग होईलच, बाबांना कितपत होईल ते बसवल्याशिवाय कळणार नाही.

गाडी आपण आज घरात असलेल्या माणसांचं माप घेऊन बघतो आणि ती वापरतो पुढची दहा-बारा वर्षं. मुलगी आता अकरावीला गेली. मागच्या सीटवर मध्ये बसणारी ती. व्हर्टसला मध्येही नीट तीन ठिकाणी बांधणारा पट्टा आणि डोक्याला आधार आहे हे मी वाचलं तेव्हा समाधान वाटलं, आणि लगेच मनात आलं की दोन वर्षांत ती कुठल्या तरी हॉस्टेलला असेल. मग त्या जागेवर कोण? आई-बाबा आज उत्साहानं चिपळूणला येतात. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर येतील का? मला भीती वाटते ती ही, की मी बाबांच्या गुडघ्यांसाठी उंच गाडी घेईन आणि तेच घरी बसतील. किंवा माझ्या हौसेसाठी बुटकी घेईन आणि त्यामुळे ते घरी बसतील. दोन्हीत मागची सीट रिकामीच. यातून सुटायला कुठल्याही कंपनीचा तक्ता कामाचा नाही. नवऱ्याचं मत विचारावं तर त्याला फक्त रंग पांढरा हवाय.

मागच्या रविवारी बाबांनी स्वतःच विषय काढला. जेवण झाल्यावर माझ्या मोबाइलवर व्हर्टसचे फोटो मागितले आणि दोन बोटांनी मोठे करून करून बघत राहिले. पुढचं तोंड नाही, मागचं. डिकीचं झाकण कुठून सुरू होतं, बंपरपर्यंत किती खाली उतरतं. "बिजागऱ्या कशा आहेत ते फोटोत दिसत नाही," म्हणाले. सेडानच्या डिकीला हंसाच्या मानेसारख्या वळलेल्या दोन बिजागऱ्या असतात. झाकण लावलं की त्या आत उतरतात आणि काठोकाठ रचलेल्या सामानावर टेकतात. कागदावर ५२१ लिटर असलं तरी पेटी त्या माना चुकवून ठेवावी लागते. "आली की आधी ते बघ," म्हणाले, "आणि त्या पोराला सांग, काका बसून बघणार आहेत. घाई करायची नाही." आई आतून म्हणाली, "मीही येणारे. मला वळणावरून फिरवून आणायचं."

एका डीलरकडं टेस्ट ड्राइव्हसाठी नाव लिहून ठेवलंय. शोरूमवाले साधारणपणे चार-पाच किलोमीटरची सरळ चक्कर देतात, शेजारी त्यांचा माणूस बसतो. मी आधीच विचारून घेतलंय की मागं माणसं बसवून चालवता येईल का, आणि सोमाटण्याच्या बाजूचा चढ घेता येईल का. ते हो म्हणालेत. एक लिटरची ऑटोमॅटिक आणि दीड लिटरची, दोन्ही त्याच दिवशी, आई उजव्या खिडकीशी, बाबा डावीकडं. सिटीचं कोटेशन त्या दिवसापर्यंत फाइलमध्ये ठेवलंय, रद्द केलेलं नाही.